शेजारचा विस्तव

दोन घरांचे वैर विकोपाला गेले म्हणजे आपण म्हणतो, ‘त्यांच्यात विस्तवही जात नाही.’ काड्यापेटी घरोघरी आली नव्हती त्या काळची ही भाषा आहे. सकाळी चुलीतील निखारे विझलेले आढळले, की घरातील मुलगी गोवरीचा तुकडा हाती घेऊन शेजारणीच्या दारी जाई आणि विस्तव घेऊन परत येई. त्या देण्याघेण्यात मोल नव्हते की उपकाराची भाषा नव्हती. एक विश्वास मात्र होता. देणारीस ठाऊक असे, की या निखाऱ्यावर भात शिजेल, आपल्या छपरावर तो कोणी फेकणार नाही. हा विश्वास ढळला की विस्तवाची येजा थांबे. आणि ज्या घरास शेजारचा विस्तव मिळत नाही त्या घराने स्वतःची चकमक बाळगावी, हे ओघानेच येई.

आजच्या जगात राष्ट्राराष्ट्रांमध्ये हाच प्रश्न एका फार मोठ्या विस्तवाबाबत उभा राहिला आहे. अणुशक्तीने वीज निर्माण होते, कर्करोगावर उपचार होतात, पिकांचे नवे वाण तयार करता येतात. आणि त्याच अणुशक्तीने १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी ही दोन नगरे उद्ध्वस्त झाली. ‘शांततामय, निर्धोक व सुरक्षित अणुशक्तीस आमच्या देशाचा पाठिंबा आहे’ हे वाक्य आज जवळजवळ प्रत्येक राष्ट्राचा प्रतिनिधी सभामंचावरून उच्चारीत असतो. वाक्य उच्चारण्यास काही खर्च येत नाही. तेव्हा असा पाठिंबा खरा केव्हा मानावा, हे पाहण्यासाठी आम्ही आज वाचकांना मध्य आशियातील कझाकस्तान या देशात घेऊन जाणार आहोत. या विस्तवाने तो देश अतिशय पोळला. आणि पुढे जगासाठी विस्तव राखण्याचे काम त्याच देशाने आपण होऊन अंगावर घेतले. म्हणून आमच्या मते त्याची कहाणी समजून घेण्यासारखी आहे.

कझाकस्तान क्षेत्रफळाने जगात नववा. त्याची लोकसंख्या मात्र सुमारे दोन कोटीच. १९९१ पर्यंत तो सोव्हिएट संघराज्याचा एक घटक होता. त्याच्या ईशान्य भागात इर्तिश नदीच्या काठी सेमिपालातिन्स्क नावाचे शहर आहे. आज त्यास सेमेय म्हणतात. या शहराच्या पश्चिमेस पसरलेल्या गवताळ माळरानापैकी सुमारे १८,००० चौरस किलोमीटर भूमी मॉस्कोने अणुबॉम्बच्या चाचण्यांसाठी राखून ठेवली. भोवतालच्या गावांत मेंढपाळ कुटुंबे राहत होती. त्यांस कोणी काही विचारले नाही. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सकाळी तेथे सोव्हिएट संघाचा पहिला अणुबॉम्ब उडविण्यात आला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्याच माळावर एकूण ४५६ चाचण्या झाल्या. त्यांपैकी ११६ जमिनीवर किंवा उघड्या आकाशात झाल्या. १९६३ साली वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, तेव्हापासून उरलेल्या चाचण्या भूगर्भात होऊ लागल्या. या चाचण्यांची झळ सुमारे १५ लाख लोकांस लागली, असे कझाकस्तानचे शासन सांगते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून ही कहाणी पुरी होणार नाही. १९५७ साली त्या शहरात एक दवाखाना उघडण्यात आला. त्याच्या नावात ‘ब्रुसेलोसिस प्रतिबंधक’ असे शब्द होते. ब्रुसेलोसिस हा गुरांमेंढरांपासून माणसास जडणारा एक ज्वर आहे. मेंढपाळांच्या मुलखात अशा दवाखान्याविषयी कोणास शंका येण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात तेथे किरणोत्साराने माणसाच्या देहावर काय परिणाम होतात याच्या नोंदी ठेवल्या जात. तपासणीस येणाऱ्या बापड्यांना आपणास काय झाले आहे हे सांगितले जात नसे. रोग एक आणि नाव दुसरे! त्या जनतेच्या शरीरास जी इजा झाली ती झालीच. परंतु सरकारच्या शब्दावरील तिचा विश्वास ज्या रीतीने नासविण्यात आला, ती इजाही लहान नव्हती. पुढील सर्व कथेत वाचकांनी हा दवाखाना ध्यानात ठेवावा अशी आमची विनंती आहे.

१२ फेब्रुवारी १९८९ रोजी भूगर्भातील एका चाचणीनंतर किरणोत्सारी वायू बाहेर पडला. तोपर्यंत लोक मुकाट्याने सोशीत आले होते. या वेळी ओल्झास सुलेमेनोव्ह नावाच्या कवीने दूरचित्रवाणीवरून बोलताना चाचण्यांविरुद्ध जाहीर आवाहन केले, आणि २८ फेब्रुवारी रोजी अल्मा-आता येथे हजारो लोक एकत्र आले. त्यांनी आपल्या चळवळीस ‘नेवाडा–सेमिपालातिन्स्क’ असे नाव दिले. नेवाडा हे अमेरिकेतील चाचणीक्षेत्र. ज्यांच्या सरकारांत विस्तव जात नव्हता अशा दोन महासत्तांच्या पोळलेल्या प्रजांना या नावाने एकत्र गुंफले, हे या चळवळीचे मोठे वैशिष्ट्य होय. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथील शेवटची चाचणी झाली. २९ ऑगस्ट १९९१ रोजी, म्हणजे पहिल्या स्फोटाला बेचाळीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, नुरसुल्तान नझरबायेव यांनी चाचणीक्षेत्र बंद करण्याच्या आज्ञेवर सही केली. त्या वेळी देश स्वतंत्रही झाला नव्हता. स्वातंत्र्याची घोषणा डिसेंबरात झाली. पुढे कझाकस्तानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली ठराव केला, आणि २९ ऑगस्ट हा अणुचाचणीविरोधी आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

येथवरची गोष्ट नकाराची आहे. ज्याचे हात भाजले त्याने आगीपासून दूर व्हावे, यात नवल ते काय? परंतु कझाकस्तानापुढील प्रश्न एवढा सोपा नव्हता. संघराज्य मोडले तेव्हा त्याच्या भूमीवर सुमारे १,४०० अण्वस्त्रे उरली होती. संख्येच्या दृष्टीने तो जगातील चौथ्या क्रमांकाचा साठा होता. त्याखेरीज युरेनियमच्या विपुल खाणी, इंधन तयार करणारा कारखाना, अणुभट्ट्या आणि प्रशिक्षित शास्त्रज्ञ हे सारे त्याच्या वाट्यास आले होते. चूल आणि मशाल ही दोन्ही एकाच घरात राहिली होती. मशाल विझवून चूल राखता येईल काय, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर पाहण्यापूर्वी ‘शांततामय, निर्धोक व सुरक्षित’ या तीन शब्दांचा अर्थ नीट वेगळा करून घेतला पाहिजे. सभामंचावरील भाषणांत ते एका दमात उच्चारले जातात. त्यामुळे ते एकाच गोष्टीची तीन नावे आहेत असा समज होतो. घरच्या चुलीवरून पाहिले म्हणजे भेद ध्यानात येईल. चुलीतील ठिणगी उडून आपलेच छप्पर पेटू नये, म्हणून गृहिणी जी दक्षता घेते ती निर्धोकता. रात्री चोराने येऊन निखारा पळवू नये व दुसऱ्याची गंजी पेटवू नये, म्हणून दाराला जी कडी लावावयाची ती सुरक्षितता. आणि घरच्याच माणसाने स्वयंपाकाचे निमित्त करून मशाल पाजळू नये, यासाठी चार शेजाऱ्यांना कधीही आत येऊन चूल पाहण्याची जी मोकळीक द्यावयाची, तिच्यावर शांततामय हा शब्द उभा आहे. पहिल्यात अपघाताचे भय आहे, दुसऱ्यात चोराचे आणि तिसऱ्यात आपल्या स्वतःच्या मनाचे. या तिसऱ्या भयाची कबुली देणे राष्ट्रांना सर्वांत जड जाते.

कझाकस्तानने प्रथम तिसऱ्याच भयाचा बंदोबस्त केला. फेब्रुवारी १९९४ मध्ये तो अण्वस्त्रप्रसारबंदी करारात अण्वस्त्ररहित राष्ट्र म्हणून सामील झाला, आणि एप्रिल १९९५ पर्यंत त्याच्या भूमीवरील सर्व अण्वस्त्रे रशियात पोचती झाली. या त्यागाचे माप वाढवून सांगणे आम्हांस उचित वाटत नाही. त्या अस्त्रांच्या किल्ल्या मॉस्कोच्या हाती होत्या. नवजात राष्ट्रास पैशाची, मान्यतेची व मित्रांची गरज होती. आणि अमेरिका व रशिया या दोघांचेही दडपण होते. तथापि हेही खरे, की ‘आमच्याजवळ अस्त्रे आहेत’ हे दाखवून सौदा लांबविण्याचा मोह त्या स्थितीत कोणासही झाला असता. कझाकस्तानने तो आवरला. आपल्या अणुकेंद्रांची दारे त्याने आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या निरीक्षकांस उघडून दिली. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्य कार्यालय व्हिएन्ना येथे आहे. आपल्या वाचकांस हे जाणून समाधान वाटेल, की तिच्या संस्थापक सभासदांत व्हॅटिकनचाही समावेश होता. पुढे २९ ऑगस्ट २०१९ रोजी कझाकस्तानने अण्वस्त्रांवर सर्वस्वी बंदी घालणाऱ्या करारासही अंतिम मान्यता दिली.

दुसरे भय चोराचे. येथील काम गुप्तपणेच करणे भाग होते. देशाच्या पूर्व भागातील उस्त-कामेनोगोर्स्क या शहरात उल्बा धातुशोधन कारखाना आहे. तेथील एका कोठारात बॉम्बसाठी वापरता येईल असे सुमारे ६०० किलो युरेनियम पडून होते. त्यातून वीसहून अधिक बॉम्ब बनविता आले असते. कझाक शासनाने ही वार्ता स्वतः अमेरिकेस कळविली, आणि १९९४ च्या नोव्हेंबरात तो सारा माल विमानांतून टेनेसी राज्यातील ओक रिज येथे हलविण्यात आला. चाचणीक्षेत्रातील देगेलेन डोंगराची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. त्या डोंगराच्या बोगद्यांत प्लुटोनियमचे अवशेष राहून गेले होते. बेकार झालेली माणसे तांब्याच्या तारा व भंगार लोखंड शोधण्यासाठी त्याच बोगद्यांत शिरत होती. पोटासाठी भंगार वेचणाऱ्या माणसाच्या हाती जगाचा घात करणारी वस्तू लागू शकेल, अशी ती स्थिती होती! कझाक, रशियन व अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९६ ते २०१२ या काळात एकत्र काम करून ती छिद्रे व बोगदे काँक्रीटने कायमचे बुजविले. काम संपले तेव्हा तेथे एक लहानसा स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. जग आता अधिक सुरक्षित झाले आहे, एवढ्याच आशयाचे शब्द त्यावर कोरले आहेत. ज्या कामाची कीर्ती व्हावयाची नाही असे काम सोळा वर्षे करीत राहणे, ही पाठिंब्याची कसोटी भाषणापेक्षा खचितच कठीण आहे.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे वळतो; आणि त्यासाठी क्षणभर आपल्या तारापूरकडे पाहावे लागेल.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील तारापूर येथे १९६९ साली भारतातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. त्याच्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. त्यांस लागणारे इंधनही अमेरिकेने पुरवावे असा १९६३ चा करार होता. १९७४ साली भारताने पोखरण येथे चाचणी केली. १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला. आणि इंधनाच्या पुरवठ्यात विघ्ने येऊ लागली. पुढे तो थांबलाच. त्यानंतर फ्रान्स, मग चीन आणि मग रशिया, अशी तारापूरच्या चुलीसाठी विस्तव मागण्याची वणवण झाली. या प्रकरणात दोष कोणाचा, हा वाद आज आम्ही उकरून काढीत नाही. ज्या घराची चूल शेजाऱ्याच्या विस्तवावर अवलंबून असते, त्या घरास शेजाऱ्याचे मन फिरले म्हणजे काय सोसावे लागते, एवढेच यातून घ्यावयाचे आहे. हा अनुभव पाहून कोणतेही राष्ट्र म्हणेल, ‘आपली चकमक आपल्याच घरी असलेली बरी.’

यातील अडचण मात्र फार मोठी आहे. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये भट्टीस उपयोगी पडणारा प्रकार शंभरात एक भागही नसतो. तो सुमारे ०.७ टक्के असतो. तारापूरसारख्या भट्टीसाठी तो तीन ते पाच टक्क्यांपर्यंत वाढवावा लागतो. यास समृद्धीकरण म्हणतात, आणि ते अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या मालिकेतून करतात. परंतु तीच यंत्रे पुढे फिरत ठेवली, तर प्रमाण नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, आणि मग त्या मालाचा बॉम्ब होतो. चूल व मशाल यांची चकमक एकच आहे. म्हणून प्रत्येक राष्ट्राने ‘केवळ इंधनासाठी’ ही यंत्रे बसविली, तर प्रत्येक शेजाऱ्यास प्रत्येक शेजाऱ्याचे भय वाटू लागेल. दुसऱ्या बाजूस, ‘तुम्ही यंत्रे बसवू नका’ असे सांगताना इंधनाची हमी कोणीच देणार नसेल, तर तो उपदेश शहाणपणाचा म्हणता येणार नाही. तो बलवंताचा जाच ठरेल.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी एक सामाईक कोठार असावे, ही कल्पना पुढे आली. २००६ साली अमेरिकेतील एका खाजगी संस्थेने वॉरन बफे या धनिकाच्या पाठबळावर पाच कोटी डॉलर देऊ केले. अट अशी, की इतर राष्ट्रांनी मिळून दहा कोटी डॉलर उभारावेत. अमेरिका, युरोपीय संघ, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, नॉर्वे आणि कझाकस्तान यांनी ती रक्कम पुरी केली. हे कोठार आपल्या भूमीवर ठेवून घेण्यास कझाकस्तान तयार झाला. २०१५ च्या ऑगस्टात अणुशक्ती संस्थेशी करार झाला, आणि २९ ऑगस्ट २०१७ रोजी त्या कोठाराचे उद्घाटन झाले. तो कारखाना कोणता? तोच उल्बाचा, जेथून १९९४ साली बॉम्बचा माल बाहेर काढावा लागला होता! २०१९ साली, प्रथम फ्रान्समधून व नंतर खुद्द कझाकस्तानातून, तेथे एकूण ९० टन कमी समृद्ध युरेनियम येऊन पडले. साठ पोलादी टाक्यांत ते ठेवले आहे. एक मोठी भट्टी पेटविण्यास ते पुरेल.

या कोठाराचे नियम समजून घेण्याजोगे आहेत. माल कझाकस्तानच्या भूमीवर असला तरी तो त्याच्या मालकीचा नाही. तो आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मालकीचा आहे. एखाद्या राष्ट्राचा इंधनपुरवठा अकस्मात तुटला, बाजारात किंवा अन्य मार्गाने तो मिळेना, आणि त्या राष्ट्राची अणुकेंद्रे निरीक्षकांस खुली असून त्याच्या हिशेबात खोट नाही असे आढळले, तर योग्य किंमत घेऊन त्यास तेथून इंधन द्यावयाचे. मागणाऱ्याचे राजकारण कोणते, त्याची मैत्री कोणाशी, हे पाहावयाचे नाही. घरचा माणूस लहर लागली म्हणून नाही म्हणू शकत नाही, आणि मागणाऱ्यास आपल्या चुलीचा हिशेब दिल्यावाचून हात पुढे करता येत नाही. विश्वासाची ही पद्धतशीर मांडणी आम्हांस फार मोलाची वाटते. नव्वद टनांनी सगळ्या जगाचे भागणार नाही, हे उघड आहे. गावच्या सामाईक पेवात सर्वांचे वर्षाचे धान्य नसते. परंतु पेव भरलेले आहे या जाणिवेनेच पुष्कळ भांडणे उद्भवत नाहीत.

या देशाचा व आपला एक प्रत्यक्ष संबंधही आहे. २००९ पासून जगात सर्वाधिक युरेनियम कझाकस्तानातून निघते. जगाच्या एकूण उत्पादनातील त्याचा वाटा सुमारे चाळीस टक्के आहे. २०११ साली त्याने भारताशी शांततामय अणुसहकार्याचा करार केला, आणि २०१५ साली, पुढील पाच वर्षांत ५,००० टन युरेनियम देण्याचा व्यवहार ठरला. असे बाहेरून येणारे युरेनियम हैद्राबादच्या अणुइंधन संकुलात इंधनाचे रूप घेते आणि निरीक्षणाखाली असलेल्या अणुवीजकेंद्रांत जाते. अर्थात हैद्राबादेच्या किंवा वडोदऱ्याच्या ज्या वाचकास ही हकीकत दूरदेशची वाटेल, त्यास आम्ही एवढेच सांगू, की हा शेजार नकाशावर दिसतो त्याहून जवळचा आहे.

आता पहिले भय उरले, अपघाताचे; आणि येथे आम्ही वाचकांस पुन्हा त्या खोट्या नावाच्या दवाखान्याची आठवण देतो. कास्पियन समुद्राच्या काठी अक्ताऊ येथे एक अणुभट्टी १९७३ पासून १९९९ पर्यंत चालली. ती वीज देई आणि समुद्राचे खारे पाणी पिण्याजोगे करण्यास मदत करी. ती बंद झाल्यापासून कझाकस्तानात अणुवीजकेंद्र नव्हते. देशाच्या विजेचा मोठा भाग कोळशावर निर्माण होतो. मागणी वाढत आहे आणि वीज अपुरी पडत आहे. तेव्हा नवे केंद्र बांधावे काय, हा प्रश्न शासनाने ६ ऑक्टोबर २०२४ रोजी जनतेच्या मतास टाकला. सुमारे ६४ टक्के मतदारांनी मत दिले आणि त्यांपैकी ७१ टक्क्यांनी होकार दिला. बाल्खाश सरोवराच्या काठी उल्केन या गावाजवळ केंद्र व्हावयाचे असून, २०२५ च्या जूनमध्ये त्याचे नेतृत्व रशियाच्या रोसॅटॉम या संस्थेकडे देण्याचे ठरले.

ज्या प्रजेस १९४९ साली कोणी विचारले नाही, तिला २०२४ साली विचारण्यात आले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मतदानापूर्वी विरोधी मताच्या काही कार्यकर्त्यांना ताब्यात घेतल्याच्या वार्ता आल्या. अल्माटी या सर्वांत मोठ्या शहरात मतदारांपैकी फारच थोडे मतदानास गेले. सरोवराचे पाणी आटणार नाही काय, वापरलेले इंधन कोठे ठेवणार, बांधणाऱ्या परक्या राष्ट्रावर आपण किती विसंबावे, असे प्रश्न लोक विचारीत आहेत. हे प्रश्न विचारणारे विज्ञानाचे वैरी आहेत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. त्यांच्या आयांना व आज्यांना एका सरकारी दवाखान्यात खोटे सांगण्यात आले होते. ज्याला एकदा खोटे सांगितले गेले आहे त्याने दुप्पट विचारावे, हा त्याचा हक्क आहे. आणि त्यास दुप्पट उत्तर द्यावे, हे शासनाचे कर्तव्य आहे. १९८६ साली चेर्नोबिल येथे भट्टी फुटली, त्यात यंत्राची उणीव होती आणि माणसांची चूकही होती. परंतु लोकांना वेळेवर सत्य सांगितले गेले नाही, म्हणून संकट अधिक गडद झाले. भट्टीची भिंत कितीही जाड असो, आत काय घडत आहे हे सांगणारा माणूस भित्रा किंवा मिंधा असेल, तर त्या भिंतीचा भरवसा धरता येत नाही.

कोणी म्हणेल, ‘इतके सगळे धोके असतील तर हा विस्तव घरात आणावाच कशाला?’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. वाऱ्यावर व सूर्यप्रकाशावर वीज करण्याचे मार्ग आज वाढत आहेत, आणि ज्या देशास तेवढ्याने भागविता येईल त्याने अवश्य भागवावे. परंतु कोळशाचा धूर हाही निरुपद्रवी नाही. खाणीत मरणारा मजूर व धुराने खोकणारे मूल यांचाही हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे. शिवाय एकदा माणसास ठाऊक झालेली विद्या पुन्हा अज्ञात होत नाही. आपण घरात विस्तव आणला नाही म्हणून जगातील विस्तव विझत नाही. त्यावर पहारा कोण ठेवणार, आणि पहारेकऱ्यावर नजर कोणाची राहणार, हा प्रश्न उरतोच. आणि तो अणुविजेच्या बाजूने असणारांना जितका लागू आहे तितकाच विरुद्ध असणारांनाही आहे.

म्हणून वाचकहो, एखाद्या राष्ट्राचा, मग ते आपले का असेना, शांततामय अणुशक्तीस पाठिंबा आहे असे वृत्तपत्रात वाचाल, तेव्हा आमच्या मते तीन गोष्टी विचाराव्या. त्या राष्ट्राने यासाठी काय सोडले? त्याने आपले दार कोणास उघडून दिले? आणि ज्यांच्या शेताशेजारी ती भट्टी उभी राहणार आहे त्यांना तो खरे सांगतो काय? कझाकस्तानने पहिल्या दोन प्रश्नांची जी उत्तरे दिली ती मोठमोठ्या राष्ट्रांना अजून देता आलेली नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो अद्याप देत आहे, आणि ते बाल्खाशच्या काठच्या कोळ्यांना पटते की नाही, यावर त्या सर्व कार्याची प्रतिष्ठा अवलंबून राहील.

सेमेयच्या परिसरात आजही अशी माणसे आहेत, की ज्यांनी लहानपणी क्षितिजावर दुसरा सूर्य उगवताना पाहिला आणि ज्यांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले की काही झालेले नाही. १९९२ साली त्यांच्यासाठी साहाय्याचा कायदा झाला. औषधोपचार व भरपाई यांची गाऱ्हाणी मात्र संपलेली नाहीत. उल्बाच्या कोठारातील साठ टाक्यांकडे जग कौतुकाने पाहील, आणि पाहावेही. परंतु तो विस्तव राखण्याचा अधिकार कझाकस्तानास ज्यांच्या दुःखातून लाभला, त्या वृद्धांच्या औषधाची बाटली रिकामी राहता कामा नये.